सुरतेच्या डॉक्टरीणबाई

आपल्या सुतार ज्ञातीत ज्या कर्तबगार स्त्रिया होऊन गेल्या, त्यांत डॉ. रखमाबाई यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. हिंदुस्थानात प्रत्यक्ष वैद्यकी करणाऱ्या अगदी पहिल्या स्त्री-डॉक्टरांपैकी त्या एक होत. मुंबई ही त्यांची जन्मभूमी, तर सुरत व राजकोट ही कर्मभूमी. ही गावे आपल्या कयाधूकाठापासून दूर खरी. परंतु त्यांच्या आयुष्यात जो प्रश्न वयाच्या अकराव्या वर्षी उभा राहिला, तो हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा या पाचही तालुक्यांतील आपल्या कुटुंबांना परका नाही. मुलीचा विवाह केव्हा करावा आणि त्याला तिची संमती असावी की नाही, हा तो प्रश्न होय. म्हणूनच या स्मरणिकेच्या वाचकांपुढे त्यांचे अल्पचरित्र ठेवीत आहोत.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडिलांचे नाव जनार्दन पांडुरंग व आईचे जयंतीबाई. त्या काळच्या रूढीप्रमाणे जयंतीबाईंचा विवाह अगदी कोवळ्या वयात झाला होता. रखमाबाई अवघ्या दोन वर्षांच्या असताना पित्याचे छत्र हरपले आणि जयंतीबाईंना सतराव्या वर्षी वैधव्य आले. ब्राह्मणादी वर्णांत अशा बालविधवेच्या वाट्याला त्या वेळी केशवपन आणि आयुष्यभराचा कोंडमारा येत असे. आपल्या ज्ञातीत मात्र विधवेला पुनर्विवाहाची मुभा होती. पुढे सुमारे सहा वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन राऊत या विधुर गृहस्थांशी विवाह केला. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्यानुसार पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क जात असे. पुनर्विवाहापूर्वी जयंतीबाईंनी ती मिळकत आपल्या मुलीच्या नावे करून दिली. या मिळकतीचा उल्लेख पुढे येणार असल्याने ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईतील नामांकित डॉक्टर व वनस्पतिशास्त्रज्ञ होते. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत. १८८३ साली मुंबईत निसर्गेतिहास मंडळाची, म्हणजेच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली. तिच्या आठ संस्थापकांत दोनच हिंदी गृहस्थ होते. एक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. अशा विद्वान पुरुषाच्या घरी रखमाबाई वाढल्या. सावत्र पिता या शब्दाभोवती आपल्याकडे जो कडवट अर्थ चिकटला आहे, त्याला येथे जागा नव्हती. ग्रंथ, रोगी, औषधे आणि सुधारक मंडळींची ये-जा यांनी ते घर सदा गजबजलेले असे.

तथापि रूढीचा पगडा अशाही घरावर होता. १८७६ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, रखमाबाईंचा विवाह दादाजी भिकाजी यांच्याशी करण्यात आला. दादाजी एकोणीस-वीस वर्षांचे, नात्यातलेच, परंतु परिस्थितीने गरीब होते. त्यांनी घरजावई म्हणून राहावे, सासरच्या खर्चाने विद्या संपादावी आणि कर्ते व्हावे, असा बेत ठरला होता. तो बेत फसला. दादाजींचे मन अभ्यासात रमले नाही. लवकरच ते आपल्या मामांच्या घरी राहावयास गेले. तेथे त्यांना दीर्घ आजारही भोगावा लागला. इकडे रखमाबाई वयात आल्यावर रूढीप्रमाणे गर्भाधानाचा आग्रह सुरू झाला. डॉ. सखाराम अर्जुन यांनी त्यास ठाम नकार दिला. कोवळ्या वयातील मातृत्वाने किती मुलींचे देह खचतात, हे त्यांनी वैद्य या नात्याने जाणलेले होते. अशा रीतीने विवाह झाला. पण पतिपत्नींचा संसार एक दिवसही सुरू झाला नाही.

रखमाबाईंचे शालेय शिक्षण विवाहाबरोबरच थांबले. तरी त्यांनी पुस्तक खाली ठेवले नाही. फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून त्या घरीच वाचीत. इंग्रजी भाषेवर त्यांनी स्वकष्टाने प्रभुत्व मिळविले. प्रार्थनासमाज व आर्य महिला समाज यांच्याशी त्यांचा संबंध आला. विशीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत त्यांच्या मनाचा निश्चय झाला होता. ज्या विवाहाला आपण कधी रुकार दिला नाही, त्याच्या बळावर आपल्या देहावर व आयुष्यावर कोणाचा अधिकार चालू नये, असे त्यांना वाटू लागले.

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलामार्फत पत्नीला नांदावयास पाठविण्याची मागणी केली. नकार येताच त्यांनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. हाच तो पुढे देशोदेशी गाजलेला दादाजी-रखमाबाई खटला होय. याच सुमारास १८८५ साली डॉ. सखाराम अर्जुन निवर्तले आणि पाठीशी उभा राहणारा आधार ऐन संकटाच्या प्रारंभीच गेला.

हा दावा वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा होता. असा दावा धर्मशास्त्रात मुळी नव्हता. तो इंग्रजांनी आपल्या देशातून येथे आणला होता. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल दिला. हे दोघे पतिपत्नी म्हणून कधी एकत्र राहिलेच नाहीत. तेव्हा जे कधी स्थापन झालेच नाही त्याची पुनःस्थापना कशी करावयाची, असा त्यांचा मुख्य विचार होता. अजाण वयात विवाह झालेल्या स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध एखाद्या पुरुषाच्या स्वाधीन करणे त्यांच्या न्यायबुद्धीला पटले नाही. त्यांनी दावा फेटाळला.

या निकालाने सारा महाराष्ट्र ढवळून निघाला. लोकमान्य टिळकांसारख्या पुढाऱ्यांनी हा हिंदुधर्मातील विवाहसंस्थेवर परक्या न्यायाधीशाने केलेला आघात मानला. केसरी व मराठा या पत्रांतून त्यावर कडक टीका झाली. विवाह हा संस्कार आहे, तो करार नव्हे. मग वधूच्या संमतीचा प्रश्न येतोच कोठे, असा या पक्षाचा युक्तिवाद होता. उलट बेहरामजी मलबारी यांच्यासारखे सुधारक रखमाबाईंच्या पाठीशी उभे राहिले. न्यायालयात त्यांची बाजू मांडणाऱ्यांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासारखे धर्मशास्त्राचे गाढे जाणकार होते, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या खटल्याची कहाणी सांगितली.

दरम्यान १८८५ च्या जून व सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात एका हिंदू स्त्रीची म्हणून दोन पत्रे प्रसिद्ध झाली होती. पहिले बालविवाहावर आणि दुसरे सक्तीच्या वैधव्यावर होते. विवाहाने मुलीचे शिक्षण कसे खुंटते, तिचे मन कसे मारले जाते, याचे इतके रोखठोक वर्णन एखाद्या हिंदू स्त्रीच्या लेखणीतून तोवर क्वचितच उतरले असेल. लेखिका खुद्द रखमाबाईच होत्या, हे पुढे उघड झाले.

दादाजींनी अपील केले. मुख्य न्यायमूर्ती सार्जंट व न्यायमूर्ती बेली यांनी मार्च १८८६ मध्ये पहिला निकाल रद्द ठरवून दावा फेरचौकशीसाठी परत पाठविला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की, रखमाबाईंनी एका महिन्याच्या आत पतीच्या घरी नांदावयास जावे. न गेल्यास त्या सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेस पात्र होतील. रखमाबाईंनी तुरुंगात जाणे पसंत असल्याचे निश्चयपूर्वक कळविले. ज्या इंग्लंडातून हा कायदा येथे आला, तेथे अशा दाव्यातील कैदेची शिक्षा १८८४ सालीच काढून टाकण्यात आली होती. हिंदुस्थानात मात्र ती १९२३ सालपर्यंत कायद्याच्या पुस्तकात राहिली.

त्या वर्षी राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीचा सुवर्णमहोत्सव होता. एप्रिल १८८७ मध्ये लंडनच्या टाइम्स पत्रात रखमाबाईंचे पत्र छापून आले. मुलगा वीस वर्षांचा व मुलगी पंधरा वर्षांची होण्यापूर्वी झालेला विवाह न्यायालयाने कायदेशीर मानू नये, एवढी सुधारणा या मंगलप्रसंगी करावी, अशी त्यांची विनंती होती. ज्या स्त्रीच्या डोक्यावर कैदेची टांगती तलवार होती, तिने स्वतःच्या सुटकेपेक्षा मागून येणाऱ्या मुलींचा विचार करावा, यातच तिच्या मनाची थोरवी दिसून येते.

न्यायाच्या दृष्टीने दादाजींची बाजूही येथे सांगणे उचित होईल. त्यांनी १८८७ साली पुस्तिका छापून आपले म्हणणे लोकांपुढे ठेवले. रखमाबाईंच्या नावची मिळकत हातची जाऊ नये म्हणून त्यांच्या माहेरची माणसे तिला रोखून धरीत आहेत, असा त्यांचा आरोप होता. रखमाबाईंनी त्यास जाहीर उत्तर दिले. दादाजींचे आयुष्यही इतरांनीच आखून दिले होते. श्रीमंत घरात आश्रित म्हणून राहण्याचा अपमान, मामांच्या घरची भरीस घालणारी माणसे आणि रूढीने पढविलेले पतीचे हक्क यांत तो तरुण सापडला. बालविवाहात केवळ मुलीचेच नुकसान होते असे नाही, हेही या खटल्यावरून दिसून येते.

अखेरीस जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये स्वीकारून हुकूमनाम्याची अंमलबजावणी न करण्याचे मान्य केले. त्या काळच्या हिंदू कायद्यात घटस्फोटाची तरतूद नव्हती; रूढीने काही ज्ञातींत काडीमोड होत असे तेवढाच अपवाद. पुरुषाला मात्र दुसरे लग्न करण्यास कसलीच आडकाठी नव्हती. रखमाबाईंना मिळाले ते एवढेच की, तुरुंग टळला आणि शिकण्याची वाट मोकळी झाली.

त्या वाटेवर हात देणारी थोर स्त्री म्हणजे डॉ. एडिथ पिची. एडिंबरो विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणाचा हक्क मिळावा म्हणून झगडलेल्या स्त्रियांपैकी त्या एक. मुंबईच्या कामा इस्पितळाची धुरा त्या वाहत होत्या. त्यांनी उत्तेजन दिले, निधी जमविण्यास साहाय्य केले. इंदूरचे शिवाजीराव होळकर यांनीही पाचशे रुपयांची मदत केली. १८८९ साली रखमाबाई विलायतेस गेल्या व स्त्रियांसाठी काढलेल्या लंडनच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. त्यांची नियमित शाळा अकराव्या वर्षी सुटली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे पंचविशीत परदेशी, परभाषेत, शरीरशास्त्र आणि शस्त्रक्रिया शिकण्यास किती जिद्द लागली असेल याची कल्पना येते. १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या आणि मायदेशी परतल्या.

प्रथम काही काळ कामा इस्पितळात काम करून १८९५ साली त्या सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळात रुजू झाल्या. यापूर्वी डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून १८८६ साली पदवी घेऊन आल्या होत्या. परंतु कार्यास आरंभ होण्यापूर्वीच १८८७ च्या फेब्रुवारीत त्यांचे देहावसान झाले. ते अपुरे राहिलेले काम रखमाबाईंच्या हातून तीन तपांच्या आसपास अखंड घडले. मुंबईसारख्या शहरी राहून नाव व पैसा मिळविणे त्यांना कठीण नव्हते. त्यांनी गल्लीबोळांचे, पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांचे गाव पत्करले.

त्या काळी गावातील डॉक्टरचे काम म्हणजे केवळ नाडी पाहून औषध देणे नव्हे. पुरुष डॉक्टरला अंग दाखविण्यापेक्षा मरण बरे, अशी स्त्रियांची समजूत असे. बाळंतपण घरच्या अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हातून, अस्वच्छ चिंध्यांवर होई. इस्पितळ म्हणजे मरणाचे घर, तेथे पाऊल टाकले की माणूस परत येत नाही, असा समज सर्वत्र होता. रखमाबाईंच्या इस्पितळाविषयी एक गोष्ट सांगितली जाते. बाळंतपणासाठी कोणीच स्त्री येईना, तेव्हा त्यांनी एक गाभण शेळी इस्पितळात आणून तिची सुखरूप सुटका केली. ती वार्ता गावात पसरली आणि मग भीती मोडून स्त्रिया येऊ लागल्या. ज्या लोकांत राहावयाचे त्यांच्या समजुती कशा हाताळाव्या, हे या बाईंना उमगले होते, असेच या गोष्टीवरून म्हणावे लागेल.

१८९६ साली मुंबईत ग्रंथिज्वराची, म्हणजे प्लेगची साथ फुटली आणि पुढे गुजरातेतही पसरली. माणसे घरदार सोडून पळत होती, आप्त आप्तांना शिवत नव्हते. अशा दिवसांतही रखमाबाई आपल्या कामावर राहिल्या. सुरतेत त्यांनी बावीस-तेवीस वर्षे सेवा केली. १९१८ साली सरकारी स्त्री-वैद्यकीय सेवेत मानाची जागा देऊ केली असता ती नाकारून त्यांनी राजकोट संस्थानच्या जनाना इस्पितळाची जबाबदारी घेतली. तेथे बारा वर्षांच्या आसपास काम करून १९३० च्या सुमारास त्या निवृत्त झाल्या व मुंबईस परतल्या. १९२९ साली पडदापद्धती नाहीशी करण्याची आवश्यकता सांगणारी पुस्तिकाही त्यांनी प्रसिद्ध केली. पडद्यामागे कोंडलेल्या स्त्रियांच्या देहाची हेळसांड त्यांनी पस्तीस वर्षे डोळ्यांनी पाहिली होती. तेव्हा त्या लिखाणाला अनुभवाचे बळ होते.

त्यांच्या विवाहाच्या कथेचा शेवट मात्र न्यायालयात झाला नव्हता. १९०४ साली दादाजी वारले. ज्या पुरुषाच्या घरी पाऊल ठेवण्यापेक्षा तुरुंग पत्करला, त्याच्या निधनानंतर रखमाबाईंनी हिंदू विधवेप्रमाणे पांढरे वस्त्र धारण केले. त्यांनी दुसरा विवाहही केला नाही. आपल्या ज्ञातीत पुनर्विवाहाची मुभा होती, आणि त्यांच्या मातेनेच तो मार्ग चोखाळला होता, हे लक्षात घेता ही गोष्ट अधिकच विचार करावयास लावते. पुष्कळांना यात विसंगती दिसेल. आम्हांस तसे वाटत नाही. विरोधक म्हणत होते की, ही स्त्री विवाहाची पवित्रता मोडावयास निघाली आहे. परंतु विवाहबंधन तिला इतके हलके वाटत असते, तर पांढरे वस्त्र तिने कशास घेतले असते? तिचा झगडा होता तो सक्तीशी. सक्ती गेल्यावर जे उरले, ते तिने स्वतःच्या इच्छेने आणि कोणाच्याही हुकुमावाचून पाळले.

रखमाबाईंच्या खटल्याने जे मंथन झाले, त्याचा परिणाम कायद्यावर झाला. बंगालमध्ये फुलमणी नावाच्या अल्पवयीन मुलीचा पतीच्या संबंधाने मृत्यू झाला, त्या घटनेनेही लोकमत हादरले होते. १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा वर्षांवर गेले. हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. आपला हिंगोलीचा मुलूख त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्याने तो येथे लागू नव्हता. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे वय चौदा केले. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला आणि हिंदू स्त्रीला प्रथमच देशभर घटस्फोटाचा हक्क मिळाला. त्यानंतर चारच महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षात रखमाबाईंनी इहलोकीची यात्रा संपविली. मुलीच्या विवाहाचे वय अठरा वर्षे झाले ते १९७८ साली. पंधरा वर्षांची मर्यादा मागणाऱ्या त्या तरुणीच्या पत्रानंतर एवढ्या मजलेस एक्क्याण्णव वर्षे लागली.

या चरित्रातून आपल्या ज्ञातीने काय घ्यावे? आपली ज्ञात जयंतीबाईंच्या पुनर्विवाहाच्या आड आली नाही, याचा सार्थ अभिमान आपण जरूर बाळगावा. त्या पुनर्विवाहामुळेच रखमाबाईंना डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारखा पिता लाभला. परंतु त्याच ज्ञातीच्या रूढीने अकरा वर्षांच्या मुलीला बोहल्यावर चढविले, हेही विसरता कामा नये. ज्या मुलीला अख्ख्या समाजाने दूषणे दिली, तिचे छायाचित्र आज सभामंडपात लावणे सोपे आहे. आपल्या घरच्या मुलीने एखाद्या स्थळाला नाही म्हटले, तर तिचे ऐकून घेणे हे त्याहून अवघड काम आहे.

मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आजही अठरा वर्षे पुरी होण्याआधी मुलींची लग्ने उरकली जातात, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. दुष्काळ पडतो, ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात, मुलीला कोणाच्या भरवशावर ठेवावे हा घोर लागतो, हुंड्याची रक्कम वयाबरोबर वाढेल अशी धास्ती असते. ही कारणे खोटी नाहीत. तरीसुद्धा आपल्या वधू-वर मेळाव्यात मुलीचे नाव नोंदविताना तिच्या जन्मतारखेचा दाखला पाहावा आणि वडीलमंडळींच्या माघारी तिची स्वतःची मर्जी विचारावी, एवढे तर आपल्या हाती निश्चित आहे. जी शिकू पाहते तिच्या फीची तजवीज ज्ञातीच्या फंडातून व्हावी. होळकरांचे पाचशे रुपये आणि डॉ. पिचींची खटपट यांमुळे सुरतेच्या स्त्रियांना एक डॉक्टर लाभली. आपल्याही घरांत अशी एखादी रखमा आज शाळेच्या वाटेवर असेल. तिची सोयरीक जुळविण्याची घाई करू नये, हीच डॉ. रखमाबाईंच्या स्मृतीस आपली खरी आदरांजली ठरेल.